लेखनिकाने लिहिलेले संतचरित्र

संतचरित्रे वाचण्याची सवय देवळाच्या सावलीत वाढलेल्या आमच्या समाजास पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. गुरुचरित्राचा सप्ताह, चातुर्मासात लागणारी भक्तविजयाची पोथी, सभामंडपात रात्री उशिरापर्यंत रंगणारे आख्यान, यांतून संत म्हणजे कोण आणि त्याच्या जन्मापासून देहावसानापर्यंत काय काय घडावे लागते, याची एक पक्की कल्पना आपल्या मनात तयार झालेली असते. ही तयारी घेऊन परधर्मातील एखाद्या संताचे जुने चरित्र वाचावयास बसावे, म्हणजे मोठी मौज होते. परके वाटेल म्हणून उघडलेले पुस्तक पहिल्याच पानावर ओळखीचे निघते. आणि आता ओळख पटली असे म्हणावे, तोच ते अगदी परके होऊन बसते. इ. स. ३७४ पासून ३९७ पर्यंत मिलान नगरीचा बिशप असलेल्या अँब्रोजचे, पॉलिनस नावाच्या त्याच्या शिष्याने लिहिलेले लॅटिन चरित्र वाचताना आम्हांस हाच अनुभव आला. त्या चरित्राविषयी येथे चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

पॉलिनस हा अँब्रोजचा लेखनिक. गुरूने सांगावे आणि याने टिपून घ्यावे, असा त्याचा नित्याचा उद्योग होता. गुरूच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तो मिलानच्या चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी उत्तर आफ्रिकेत गेला आणि तेथे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्या सांगण्यावरून त्याने हे चरित्र रचिले. त्याचा काळ कोणी ४१२ धरतात, कोणी ४२२. ऑगस्टीन हे नाव गोमंतकीय वाचकांस नवे नाही. जुन्या गोव्यात मोन्ते सांतच्या टेकडीवर जो भग्न मनोरा उभा आहे, तो याच पुरुषाच्या नावाने चालणाऱ्या संन्यासीसंघाच्या चर्चचा. या ऑगस्टीनला ३८७ साली ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा दिला तो अँब्रोजनेच. तेव्हा एका मोठ्या शिष्याने लहान शिष्याकडून गुरूचे चरित्र लिहवून घेतले, असा हा प्रकार आहे.

आमच्याकडे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमविल्या, त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून विचारून. पॉलिनसही आरंभीच सांगतो की, आपण विश्वासू माणसांकडून, विशेषतः गुरूची बहीण मार्सेलिना हिच्याकडून ऐकलेले आणि स्वतः डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच लिहीत आहो. मात्र लीळाचरित्राचा मोकळेपणा त्याच्याजवळ नाही. त्याच्यापुढे अँटनी, पॉल आणि मार्टिन या संतांची आधी लिहिली गेलेली चरित्रे होती आणि त्या साच्यात आपला गुरू बसविण्याची त्याला घाई आहे. ज्या ज्या ठिकाणी तो साचा विसरतो, त्या त्या ठिकाणी हे पुस्तक जिवंत होते.

साच्याचा नमुना आरंभीच मिळतो. अँब्रोजचा पिता गॉल प्रांताचा मोठा रोमन अधिकारी. वाड्याच्या अंगणात पाळण्यात मूल तोंड उघडे टाकून झोपले असता मधमाश्यांचा थवा येऊन त्याच्या तोंडावर बसला आणि माश्या तोंडातून आतबाहेर करू लागल्या. दासी हाकलावयास धावली, तिला पित्याने थांबविले. मग माश्या इतक्या उंच उडाल्या की दिसेनाशा झाल्या. मुलाच्या वाणीत पुढे मध येणार, हे ज्याला त्याला कळावे म्हणून ही कथा. प्लेटोविषयी आणि पिंडार कवीविषयीही ग्रीक लोक हेच सांगत असत. नागाने फणा धरून बालकावर सावली केल्याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांस या माश्यांचे आश्चर्य वाटणार नाही आणि वाटूही नये.

परंतु लगेच पुढे निवडीचा प्रसंग येतो, आणि तेथे लेखनिकाची लेखणी एकाएकी धीट होते. अँब्रोज तेव्हा धर्माधिकारी नव्हता. मिलानसह उत्तर इटलीच्या एका प्रांताचा सुभेदार होता. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. ३७४ साली मिलानचा बिशप ऑक्सेंशियस वारला. तो एरियसच्या मताचा, म्हणजे ख्रिस्त हा परमपित्याच्या बरोबरीचा नव्हे असे मानणाऱ्या पंथाचा होता. त्याच्या जागी कोण, यावरून शहरात दोन तट पडले. दंगा होऊ नये म्हणून सुभेदार स्वतः चर्चमध्ये गेला असता एका लहान मुलाने त्याच्याच नावाचा पुकारा केला, आणि दोन्ही तटांनी तो उचलून धरला. येथपर्यंत ठीक. यापुढे पॉलिनस जे लिहितो, ते कोणत्याही भाविक चरित्रकाराने बहुधा गाळले असते.

अँब्रोजला हे पद नको होते. लोकांच्या मनातून उतरावे म्हणून त्याने न्यायासन मांडविले आणि आपल्या रिवाजाविरुद्ध आरोपींना यातना देण्याचा हुकूम केला. लोक ओरडले की, तुझे पाप आम्ही आमच्या माथी घेतो. मग त्याने वेश्यांना राजरोस आपल्या घरात आणविले. हेतू एवढाच की लोकांनी पाहावे आणि मागे फिरावे. लोक फिरले नाहीत. शेवटी मध्यरात्री शहर सोडून तो टिसिनमच्या, म्हणजे हल्लीच्या पाव्हियाच्या, वाटेला लागला. रात्रभर चालून पहाटे पाहतो तो मिलानच्याच वेशीवर उभा! पुढे बादशहाची संमती आली, बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर आठव्या दिवशी सुभेदार बिशप झाला.

वाट चुकल्याच्या गोष्टीत चमत्कार आहे आणि तो भाविकांनी खुशाल घ्यावा. आम्हांस महत्त्वाची वाटते ती यातनांची आणि वेश्यांची हकीकत. पदाला नको म्हणणारा संत ही कल्पना सर्वत्र आढळते. पण नको म्हणण्यासाठी स्वतःची अब्रू बाजारात मांडणारा, आणि त्यापायी दुसऱ्या कोणाच्या पाठीवर कोरडे ओढविणारा संत सहसा आढळत नाही. यातना झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे पॉलिनसला सुचतही नाही. तो सांगतो ते गुरूच्या नम्रतेचे उदाहरण म्हणून. वाचणाऱ्याला मात्र त्यातून निराळाच माणूस दिसतो : हुकूम करण्याची सवय असलेला, लोकमत कशाने वळते हे अचूक जाणणारा राज्यकर्ता. बिशप झाल्यावर हा राज्यकर्ता कोठे गेला नाही. पुढील तेवीस वर्षांचा उलगडा याच एका पानावरून होतो, असे आमचे मत आहे.

लेखनिकाचे स्वतःचे असे जे प्रसंग आहेत, त्यांत एक फार सुरेख आहे. अखेरच्या आजारापूर्वी काही दिवस अँब्रोज एका स्तोत्रावरील भाष्य सांगत होता आणि पॉलिनस लिहीत होता. एकाएकी गुरूच्या मस्तकावर लहानशा ढालीच्या आकाराची ज्वाला त्याला दिसली. ती हळूहळू मुखात शिरली आणि चेहरा बर्फासारखा पांढरा झाला. भयाने पॉलिनसची लेखणी थांबली आणि जे बोलले गेले ते त्याला टिपता आले नाही. ते भाष्य खरोखरच अपुरे राहिलेले आहे. शिवथरघळीत समर्थांचा शब्द झेलणाऱ्या कल्याणस्वामींची आठवण येथे कोणास झाल्यावाचून राहणार नाही. ज्वाला खरी की लेखनिकाच्या डोळ्यांना शिणामुळे भासलेली, हा वाद आम्ही घालीत नाही. लिहिणारा हात थांबला, ही गोष्ट मात्र खरीच असली पाहिजे. इतका साधा तपशील कोणी रचून सांगत नाही.

आणखी एक तपशील असाच. कोणी पाप कबूल करण्यास आला म्हणजे अँब्रोज असा रडे की समोरच्यालाही रडू फुटे. आणि जे ऐकले ते देवावाचून कोणाजवळ बोलत नसे. ईस्टरला बाप्तिस्मा देण्याचे जे काम तो एकटा उरकीत असे, ते त्याच्या पश्चात पाच बिशपांना जेमतेम होई, असेही हा शिष्य लिहितो. यात अतिशयोक्ती असेल. पण सोबत काम केलेल्या माणसाची ती अतिशयोक्ती आहे.

याच पुरुषाचे दुसरे चित्र ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रात काढले आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेविली, म्हणजे पॉलिनसचे बळ आणि उणेपण एकदम ध्यानात येते. तरुण ऑगस्टीन शंकांनी पोळलेला होता. अँब्रोजला एकांतात गाठावे म्हणून तो जाई. दार उघडे असे, कोणास मज्जाव नसे. पण आत अँब्रोज वाचीत बसलेला दिसे आणि तेही मनात. डोळे पानावरून फिरत, ओठ हलत नसत. मोठ्याने वाचण्याची सर्रास चाल असलेल्या त्या काळात ऑगस्टीनला हे इतके विलक्षण वाटले की त्याने कारणांचे तर्क केले : घसा जपण्यासाठी असेल, किंवा ऐकणाऱ्याने मध्येच शंका विचारू नये म्हणूनही असेल. थोडा वेळ गुपचूप बसून तो परत जाई. पॉलिनसच्या पुस्तकात अँब्रोज सदैव लोकांत आहे. ऑगस्टीनच्या पुस्तकात तो लोकांच्या गर्दीत एकटा आहे. आम्हांस हे दुसरे चित्र अधिक खरे वाटते. गुरू आपल्याला हवा तेव्हा मिळाला नाही, हे कबूल करण्याचे धैर्य मोठ्या शिष्याजवळ होते. लहान शिष्याला गुरू रोज मिळत होता आणि म्हणून तो पुरता दिसला नाही.

ऑगस्टीनची आई मोनिका हिची एक हकीकत देवळात जाणाऱ्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे ती हुतात्म्यांच्या समाधीवर लापशी, भाकरी आणि थोडे मद्य घेऊन जात असे. मिलानमध्ये द्वारपालाने तिला अडविले. बिशपांची मनाई आहे, असे सांगितले. कारणे दोन : एक, त्या निमित्ताने मद्यपींचे फावते, दुसरे, हा प्रकार जुन्या रोमन लोकांच्या पितरांच्या सणासारखा दिसतो. मोनिकेने टोपली घरी नेली आणि पुढे अन्नाऐवजी प्रार्थना घेऊन जाऊ लागली. उरले ते गरिबांना देऊ लागली. दुसऱ्या कोणी मना केले असते तर आईने इतक्या सहजी ऐकले नसते, असे लेकच लिहितो. एका म्हाताऱ्या बाईच्या हातातील नैवेद्याची टोपली खाली ठेवविणे, ही लहान गोष्ट नव्हे. एखाद्या धर्माचा विजय कसा होतो, हे बादशहाच्या फर्मानापेक्षा या दारावरच्या प्रसंगात अधिक स्पष्ट दिसते. पॉलिनसच्या चरित्रात याचा मागमूस नाही.

आता एका आनंदाच्या विषयाकडे वळू. ३८६ साली लहानग्या व्हॅलेंटिनियन बादशहाची आई जस्टिना हिने मिलानमधील एक चर्च एरियन पंथीयांसाठी मागितले. अँब्रोजने नकार दिला. सैनिकांनी वेढा घातला. लोक दिवसरात्र चर्चमध्ये बसून राहिले, आणि त्यांनी दुःखाने खचून जाऊ नये म्हणून पूर्वेकडील चालीप्रमाणे आळीपाळीने स्तोत्रे म्हणण्याची रीत तेव्हा मिलानमध्ये सुरू झाली. हे पॉलिनस सांगतो आणि ऑगस्टीनही सांगतो. अँब्रोजने या गायनासाठी स्वतः स्तोत्रे रचिली. त्यांतील चार तरी निःसंशय त्याची आहेत. त्यांची घडण पाहून आम्हांस कौतुक वाटले. आठ अक्षरांचा एक चरण, चार चरणांचे एक कडवे आणि आठ कडव्यांचे एक स्तोत्र. म्हणजे कडव्याचे माप नेमके आमच्या अनुष्टुभाचे! लॅटिन काव्याचा जुना दरबारी डौल सोडून, सामान्य माणसाला चालता चालता पाठ व्हावे असे हे माप त्याने निवडले. आमच्या संतांनी ओवी आणि अभंग निवडले, त्यामागेही हीच दृष्टी होती. सप्ताहात पहारे लावून अखंड भजन चालविणाऱ्या आमच्या लोकांस त्या वेढलेल्या चर्चमधील रात्रींची कल्पना सहज करता येईल. आई वारल्यानंतर ऑगस्टीनला झोपेतून जागे होताच यांतीलच एक स्तोत्र आठवले आणि त्याचा बांध फुटला. अँब्रोजच्या अनेक पराक्रमांतून आम्हांस एक निवडावयास सांगितले, तर आम्ही हा निवडू.

परंतु आमच्या वाचकांच्या दृष्टीने या चरित्राची खरी परीक्षा निराळ्याच ठिकाणी आहे, आणि पॉलिनसने ती अवघ्या काही ओळींत उरकली आहे. रोमच्या सीनेट सभागृहात विजयादेवीची मूर्ती आणि वेदी होती. मूर्ती टारेंटमहून आणलेली. ऑगस्टस बादशहाने ती इ. स. पूर्वी २९ साली तेथे स्थापिली. सभेच्या आरंभी सभासद तिच्यापुढे धूप घालीत, मद्य अर्पीत. ख्रिस्ती बादशहांच्या काळात ती वेदी एकदा हलविली गेली, परत आली आणि ३८२ साली ग्रेशियन बादशहाने पुन्हा काढविली. त्याबरोबरच व्हेस्टा देवीच्या व्रतस्थ कुमारिकांची आणि पुरोहितांची वर्षासने बंद केली. ३८४ साली रोमचा नगराधिपती सिमॅकस याने तेरा वर्षांच्या व्हॅलेंटिनियनकडे अर्ज केला की, वेदी परत द्यावी आणि वर्षासने चालू करावी.

त्या अर्जातील युक्तिवाद वाचताना हे सोळाशे वर्षांपूर्वीच्या रोममध्ये लिहिले गेले, याचा क्षणभर विसर पडतो. ज्याचा त्याचा आचार, ज्याचे त्याचे विधी. लहानपणी जे आमच्या हाती आले ते म्हातारपणी आम्हांस आमच्या मुलांच्या हाती देऊ द्या. सर्वांवर आकाश एकच आहे, आणि एवढ्या मोठ्या गूढाकडे जाण्यास एकच वाट पुरणार नाही, असा त्याचा आशय. रोम नगरीच एका वृद्धेच्या रूपाने पुढे येऊन मला माझ्या रीतीने जगू द्या म्हणून विनविते, अशीही कल्पना त्याने योजिली आहे. ज्यांचा मंगेश कुशस्थळी सोडून अंत्रुजात आला, ज्यांची शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आणि म्हालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली, त्यांच्या कानांवर हे शब्द कोणत्या स्वरात पडतील, हे आम्ही सांगावयास नको.

म्हणूनच येथे थोडे सावध राहिले पाहिजे. सिमॅकस केवळ पूजेची मोकळीक मागत नव्हता. सरकारी खजिन्यातील वर्षासन आणि राज्याच्या सभागृहातील मानाचे स्थान मागत होता. तो स्वतः मोठ्या सरदार घराण्यातील जमीनदार आणि पुरोहितपद भूषविणारा होता. आणि अँब्रोज म्हणजे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज पाद्री नव्हे. दोहोंत बारा शतकांचे अंतर आहे. जे गोव्यात घडले त्याचा जाब मिलानमध्ये विचारणे न्यायाचे होणार नाही.

अँब्रोजने उत्तरादाखल दोन पत्रे लिहिली. पहिल्यात धाक आहे : अर्ज मान्य केलास तर तू चर्चमध्ये येशील, पण तेथे तुला पुरोहित भेटणार नाही. तेरा वर्षांच्या पोरक्या राजाला हे सांगणे आम्हांस शोभादायक वाटत नाही. दुसरे पत्र मात्र तोलामोलाचे आहे. त्यात तो विचारतो की, तुमच्या देवळांनी किती बंदिवान सोडविले, किती गरिबांस अन्न दिले, किती निर्वासितांस आसरा दिला, ते मोजून दाखवा. हा प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार होता. गॉथ लोकांनी बादशाही सैन्याचा पराभव करून हजारोंना पकडून नेले, तेव्हा अँब्रोजने चर्चमधील पूजेची सोन्यारुप्याची भांडी वितळवून बंदिवानांचे मोल भरले होते, आणि त्यावरून विरोधकांनी त्याला दूषणही दिले होते. सिमॅकसचा अर्ज वाचून डोळ्यांत पाणी येणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा प्रश्नही ऐकून घेतला पाहिजे. देवस्थानांच्या वार्षिक सभांत पालखीच्या मानावरून जितका वेळ खर्ची पडतो, तितका याच्या उत्तरावर पडलेला आम्ही तरी पाहिला नाही.

पॉलिनस या सर्व प्रकरणाविषयी काय म्हणतो? गुरूने असे उत्तर लिहिले की सिमॅकस एवढा वक्ता असूनही पुन्हा तोंड उघडण्यास धजला नाही, एवढेच. सिमॅकसने ते का मागितले, याचा उच्चार नाही. चरित्रकार म्हणून त्याचा हा सर्वांत मोठा दोष आहे. प्रतिपक्ष लहान केला की नायकही लहान होतो, हे त्याला कळले नाही. अँब्रोजला ते कळत असावे. त्याच्या पत्रसंग्रहात त्याच्या दोन पत्रांच्या मध्ये सिमॅकसचा अर्ज समग्र जपलेला आढळतो. पुढे शतकानुशतके मठामठांतून ज्या नकलकारांनी संताची पत्रे उतरून घेतली, त्यांनी तो अर्जही उतरून घेतला. जाता जाता आणखी एक गोष्ट : त्याच ३८४ साली मिलानसाठी वक्तृत्वाचा शिक्षक हवा होता, तेव्हा सिमॅकसनेच शिफारस करून ऑगस्टीनला तेथे पाठविले.

थिओडोसियस बादशहाबरोबरचे दोन प्रसंग या चरित्रात पाठोपाठ येतात. जगाला ठाऊक आहे तो दुसरा. ३९० साली थेस्सलोनिका येथे जमावाने एका सेनाधिकाऱ्यास मारले, म्हणून बादशहाच्या हुकुमाने नागरिकांची कत्तल झाली. थिओडोरेट हा इतिहासकार सात हजार मारले गेले असे सांगतो. अँब्रोजने बादशहास उघड प्रायश्चित्त घेतल्याविना चर्चमध्ये घेतले नाही, आणि बादशहाने ते घेतले. रघुनाथरावास देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांची कथा ज्या समाजात मुलांना सांगतात, त्या समाजास याची थोरवी पटवून द्यावी लागत नाही. दारात उभे राहून बादशहास हाताने अडविणारा बिशप पुढे चित्रकारांनी रंगविला, तो थिओडोरेटच्या वर्णनावरून. अँब्रोजचे स्वतःचे पत्र उपलब्ध आहे आणि त्यात असे नाट्य नाही. प्रकृतीचे निमित्त सांगून तो शहराबाहेर गेला आणि दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून स्वहस्ते पत्र लिहून त्याने बादशहास पश्चात्तापास बोलाविले. राजाचे तोंड लपवून त्याचे पाप दाखविणारे हे पत्र आम्हांस दारावरच्या देखाव्यापेक्षा अधिक धैर्याचे वाटते. लेखनिक असलेल्या पॉलिनसला या एका पत्राची लेखणी मिळाली नाही, हाही एक योगच.

पहिला प्रसंग त्याआधी दोन वर्षांचा, ३८८ सालचा. फरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावी, म्हणजे आजच्या सीरियातील रक्का येथे, ख्रिस्ती लोकांनी तेथील बिशपच्या चिथावणीने यहुद्यांचे प्रार्थनामंदिर जाळले. बादशहाने न्यायाचा हुकूम दिला : बिशपने ते पुन्हा बांधून द्यावे. अँब्रोजने विरोध केला. ते मीच जाळले असे समजा, इथपर्यंत त्याने पत्रात लिहिले. मग मिलानच्या चर्चमध्ये भर उपासनेत बादशहासमोर विषय काढला आणि हुकूम मागे घेण्याचे वचन मिळेपर्यंत तो वेदीकडे गेला नाही. बादशहाने वचन दिले.

पॉलिनस हे दोन्ही प्रसंग एकाच अभिमानाने सांगतो. त्याच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच : गुरूपुढे बादशहा नमला. एका प्रसंगी बादशहा चुकला होता आणि दुसऱ्या प्रसंगी बरोबर होता, हा भेद त्याच्या लेखणीला दिसत नाही. येथे शिष्याला दोष देऊन गुरूला मोकळे करणे आम्हांस पटत नाही. कॅलिनिकमचे पत्र अँब्रोजचे आहे, त्यातील शब्द त्याचे आहेत. कत्तल झालेल्या थेस्सलोनिकावासीयांसाठी ज्याचे हृदय द्रवले, त्याचे जळलेल्या मंदिराच्या यहुद्यांसाठी द्रवले नाही. पापी माणसाबरोबर रडणारा तो हाच, आणि बंदिवानांसाठी पूजेची भांडी वितळविणाराही हाच. यांपैकी एक खरा आणि दुसरा आरोपित, असे म्हणण्यास पुस्तकात आधार नाही. आमच्याही संतचरित्रांत परमतवाल्यांची फजिती मोठ्या चवीने सांगितलेली असते, आणि आख्यान ऐकताना त्यावर हशा पिकतो. त्या हशाच्या वेळी पॉलिनसचे हे पान आठवावे.

पुस्तकाचा शेवट विचित्र आहे. अँब्रोजची निंदा करणाऱ्या दोघा धर्माधिकाऱ्यांना भोजनाच्या पंक्तीतच कसे मरण ओढवले, याच्या कथा पॉलिनस सांगतो. त्यांतील एका पंक्तीला तो स्वतः होता. निंदकास पहिल्याची गोष्ट ऐकवून सावध करणाराही तोच. भक्ताचा राग कोठवर जातो, याचा हा पुरावा समजावा. गुरूच्या महत्त्वाला त्याने काही भर पडत नाही.

सुदैवाने त्याच्या थोडे आधी मृत्यूचे वर्णन आहे, आणि तेथे लेखनिक पुन्हा साचा विसरला आहे. अँब्रोज अंथरुणाला खिळला होता. दालनाच्या दूरच्या टोकाला चार तरुण धर्मसेवक, कानावर पडू नये इतक्या हळू आवाजात, याच्यामागून बिशप कोण याची चर्चा करीत होते. त्यांनी वृद्ध सिम्प्लिशियानसचे नाव काढले, तोच आजाऱ्याने बिछान्यावरून तीनदा सांगितले की तो म्हातारा असला तरी चांगला आहे. ऐकून ते चौघे भयाने पळाले. ३९७ सालच्या ईस्टरपूर्वीच्या शुक्रवारी सायंकाळी पाचच्या सुमारास त्याने दोन्ही हात क्रुसासारखे पसरले आणि रात्री प्राण जाईपर्यंत तसेच ठेविले. ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते, असे पॉलिनस लिहितो. मृत्यूची तारीख ४ एप्रिल होती. मिलानचा पुढचा बिशप सिम्प्लिशियानसच झाला.